११३० : पुरुष, गाणं आणि…

आमच्या घरात रात्री अडीचला जागे दोघंच, मी आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर, आणि आमचं दोघांचं अजिबात पटत नाही. तो सुरू झाला की माझ्या रेडिओत खाट्‌कन आवाज येतो आणि समुद्रापलीकडचा माणूस अर्ध्या वाक्यात मरतो.

मला मिडीयम वेव्हवर लांबची स्टेशनं पकडायचा नाद आहे. याला डीएक्सिंग म्हणतात, बायको दुसरं काहीतरी म्हणते. दिवसा जमत नाही कारण वातावरणात उंचावर असलेला डी नावाचा थर मिडीयम वेव्ह गिळून टाकतो, अंधार पडला की तो विरतो आणि मग त्याच्याही वरच्या थरावर आपटून लाटा हजारो किलोमीटरवर येऊन पडतात. हा वरचा थर खरंच आहे हे १९२४ मध्ये अ‍ॅपल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बीबीसीच्या बोर्नमथ स्टेशनचे सिग्नल ऐकून सिद्ध केलं, १९४७ ला त्याला नोबेल मिळालं. मला त्याच थरापायी डोळ्यांखाली काळी वर्तुळं मिळाली.

तर परवा ११३० किलोहर्ट्झवर कुणीतरी पुटपुटत होतं. आता गंमत अशी की आशिया, युरोप, आफ्रिकेत स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झवर बसवलीत आणि अमेरिकेकडे १०-१० वर, म्हणजे ११२५ आणि ११३४ च्या फटीत कुणी बोलताना सापडला की समजायचं, पाहुणा लांबचा आहे! मी रेडिओ जरासा फिरवला, आतल्या फेराइट रॉडचं, म्हणजे त्याच्या अँटेनाचं, टोक शेजारच्या दांडगट स्टेशनकडे केलं, ते दबलं आणि पुरुषाचा आवाज वर आला. मग गाणं. नाव काही सांगेना. नाव सांगतात तास भरताना, आणि तिकडे तास भरायला चार मिनिटं होती.

आणि ज्ज्ज्ज्ज सुरू झालं.

मी रेडिओ छातीशी धरून घरभर फिरलो. बाथरूमचा एलईडी, नाही. टीव्ही, नाही. राउटर बंद केला तर आतून पोरगा ओरडला, "बाबा, नेट गेलं!" म्हणजे जागणारा तिसराही सापडला. बायको दारात येऊन बघत राहिली, म्हणाली, "अहो, कपाटाला काय ऐकवताय?" मी हातानेच गप्प केलं, त्याचे परिणाम वेगळे लिहीन.

दीड मिनिट राहिलं तेव्हा कळलं, आवाज माझ्याच टेबलाजवळ सगळ्यात जास्त आहे. स्टेशनचं नाव रेकॉर्ड करायला बॅटरी पुरावी म्हणून मीच मोबाईल चार्जिंगला लावला होता. तो स्वस्तातला चार्जर उपटेपर्यंत प्लग हातात आला, वायर पायात अडकली, मी टेबलाखाली. बाहेर आलो तेव्हा आवाज आरशासारखा स्वच्छ, आणि एक बाई बातम्या सांगत होती. नाव सांगून झालं होतं.

स्टेशनकडून क्यूएसएल कार्ड, म्हणजे 'तुम्ही आम्हालाच ऐकलंत' अशी पोचपावती, हवं तर काय ऐकलं ते पुराव्यादाखल कळवावं लागतं. कळवणार कुणाला? तरी वहीत लिहून ठेवलंय : ११३०, पुरुष बोलला, मग गाणं, मग बराच वेळ आमचा चार्जर.