ॲपची मारबत

"काढून टाकलं ना भाऊ मी ते ॲप, तरी फोन हँगच होऊन राह्यला," असं एखादे काकाजी म्हणाले की मी फोनआधी त्यांचा अंगठा बघतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत आयकॉन दाबून धरून वर सरकवला की पडद्याच्या वरच्या कडेला दोन पर्याय शेजारी शेजारी उमटतात. एकावर आयकॉन सोडला तर होम स्क्रीनवरचं चित्र तेवढं पुसलं जातं, दुसऱ्यावर सोडला तर ॲप खरोखर जातं. दोघांत अंतर बोटभर. त्यातून मे महिना, पारा पंचेचाळिशीच्या वर, कुलरमधलं पाणी संपलेलं, बोट घामेजलेलं. आयकॉन नको तिथेच सुटतो. चित्र दिसेनासं झालं, काकाजी खूश. ॲप आत सुखरूप, नोटिफिकेशन पाठवायला मोकळं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्र जाणं, ॲप जाणं, खातं बंद होणं आणि पैसे कापले जाणं थांबणं ही चार वेगवेगळी कामं आहेत. आपल्याकडे पहिलं झालं की माणूस हात झटकून तर्री पोहे खायला निघतो.

होम स्क्रीनच्या भानगडीत न पडता सेटिंग्ज, मग ॲप्स, मग 'सगळी ॲप्स पाहा' असं जावं. तिथे दिसणारी, लपलेली, नाव नसलेली सगळी एका रांगेत सापडतात. एकेक काढायचा कंटाळा असेल तर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल फोटोवर टिचकी मारा, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस' मध्ये शिरा आणि 'मॅनेज' हा भाग निवडा. यादी 'सर्वात कमी वापरलेली' अशी लावून घ्या. नको त्या चौकोनांत खुणा करा, वरच्या कचरापेटीवर दाबा, एकदम दहा-बारा उडतात.

ही कमी वापरलेल्यांची यादी फार बोलकी असते. तीस दिवसांत इंग्रजी, एकवीस दिवसांत पोट सपाट, रोजची पावलं, पाणी प्यायची आठवण. पहिल्या ऑर्डरवर शंभर रुपये सूट म्हणून घेतलेली किराण्याची तीन ॲप. भाच्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकलेली गाड्यांची शर्यत, एकटी दीड जीबीची. दोन क्यूआर स्कॅनर, जेव्हा की ते काम बहुतेक फोनांत कॅमेराच करतो. आणि टॉर्चचं ॲप. टॉर्चचं बटण वरून पट्टी खाली ओढली की समोर असतं, तरी लोक वेगळं ॲप घेतात आणि त्याला काँटॅक्टची परवानगीही देऊन बसतात. उजेड पाडायला त्याला मावशीचा नंबर कशाला लागतो, हे कुणी विचारत नाही.

इथवर सोपं आहे. खरी कुस्ती सुरू होते ती 'अनइन्स्टॉल' हे बटणच नसतं तिथून. त्याच्या जागी 'डिसेबल' असतं, आणि कधी कधी तेही फिकट, दाबलं तरी ढिम्म. कारण असं की कंपनीने दिलेली काही ॲप फोनच्या सिस्टिमच्या कप्प्यात बसवलेली असतात. तो कप्पा फक्त वाचायचा, वापरणाऱ्याला त्यात खोडाखोड करता येत नाही. म्हणून वरच्या तीन टिंबांत जाऊन 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करावं, मग 'डिसेबल'. त्याने अपडेटची आणि डेटाची जागा सुटते, ॲप चालायचं थांबतं, त्याचा आयकॉन दिसेनासा होतो. मूळ प्रत मात्र तिथेच राहते. ती काढता आली असती तरी तो कप्पा वेगळा असल्याने आपल्या फोटोंना जागा मिळाली नसतीच, तेव्हा जिवाला फार लावून घेऊ नये.

ही ॲप येतात कुठून? स्वस्त फोनात नफा पातळ असतो. ज्याला आपलं दुकान, खेळ, बातम्या लोकांच्या फोनात हव्यात तो फोनवाल्याला पैसे मोजतो. गूगलचं प्रकरण वेगळं, तिथे प्ले स्टोअर हवं तर सोबत बाकीचा गठ्ठाही घ्या असा करार होता. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने त्यावरून १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला, आणि गूगलची आधीपासून असलेली ॲप वापरणाऱ्याला काढता आली पाहिजेत असंही बजावलं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, पण ही अट रद्द झाली. म्हणजे ॲप जागच्या जागी आणि अट अनइन्स्टॉल. पुढे २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागाने संचार साथी हे सरकारी ॲप नव्या फोनांत भरूनच द्या असं कंपन्यांना सांगितलं, बोंबाबोंब झाली, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. फोनात शिरायच्या आधीच बाहेर पडलेलं एवढं एकच ॲप मला ठाऊक आहे.

नागपुरात तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते. 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' म्हणत लोक महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून तिला नेतात आणि जाळून टाकतात. मागे बडग्यांची, म्हणजे पुरुषी पुतळ्यांची, रांग असते, महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या त्या वर्षी जे डोक्यात गेलं असेल त्याचा. न निघणाऱ्या ॲपचा बडग्या अजून कसा कुणाला सुचला नाही याचं मला नवल वाटतं. अर्थात मारबतीचं एक बरं आहे, जाळली की वर्षभर परत येत नाही. डिसेबल केलेलं ॲप सिस्टिम अपडेट आल्यावर पुन्हा जागं झालेलं सापडू शकतं, आणि फॅक्टरी रीसेट केलं तर अख्खी मिरवणूक पुन्हा दारात. म्हणून मोठा अपडेट झाला की यादीवरून एकदा नजर फिरवावी. नवा फोन सुरू करतानाही 'पुढे, पुढे' दाबत सुटू नये. 'शिफारस केलेली ॲप' असं लिहिलेल्या पानावर सगळ्या खुणा आधीच मारलेल्या असतात, त्या पुसायला अर्धं मिनिट लागतं. होम स्क्रीनवरच्या फोल्डरात खाली अनोळखी आयकॉन चमकत असतील तर फोल्डरच्या नावावर टिचकी मारून शिफारशींचं बटण बंद करावं.

आता दुसरी तक्रार. "काही चालू नाही केलं, फोन टेबलावर ठेवून राह्यलो, अन् जाहिरात सुरू!" हे भूत नाही, बाहेरून आलेलं एखादं ॲप आहे. जाहिरात पडद्यावर असतानाच, घाईने बंद न करता, चालू ॲप दाखवणारं बटण दाबावं. जाहिरातीच्या चौकटीच्या डोक्यावर तिच्या मालकाचं छोटं चित्र दिसतं. त्यावर दाबून 'ॲप इन्फो' उघडली की चोर सापडला. पक्के चोर पारदर्शक चित्र आणि कोरं नाव घेऊन येतात. तेव्हा सेटिंग्जमध्ये 'स्पेशल ॲप ॲक्सेस' खाली 'इतर ॲपवर दाखवा' ही परवानगी कुणाकुणाला दिली आहे ते पाहावं. वॉलपेपर बदलणाऱ्या ॲपला ती लागायचं काही कारण नाही.

अनइन्स्टॉल फिकट दिसत असेल आणि ॲप कंपनीचं नसेल, तर ते बहुधा 'डिव्हाइस ॲडमिन' होऊन बसलेलं असतं. सिक्युरिटीच्या पानात त्याचं ॲडमिनपद काढलं की बटण शुद्धीवर येतं. ते पान उघडताच आपोआप बंद होत असेल तर सेफ मोड. बऱ्याच फोनांत पॉवर बटणाने मेनू आणायचा आणि 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरायचं, मग तो विचारतो. सेफ मोडमध्ये बाहेरून घेतलेली ॲप चालतच नाहीत, त्यामुळे त्यांना झोपेतच उचलता येतं. होम स्क्रीनवरची काही विजेट तेवढ्यात गायब दिसली तर घाबरू नये. रीस्टार्ट केलं की फोन नेहमीच्या मोडमध्ये येतो, विजेट मात्र एखाद वेळी पुन्हा लावावी लागतात.

उत्साहाला लगाम हवा तो इथे. डिसेबल करायला मजा येते म्हणून माणूस सुटतोच. 'वेबव्ह्यू' हे नाव ओळखीचं नाही म्हणून उडवलं, की दुसरीच चार ॲप उघडल्या उघडल्या कोसळतात, कारण वेबपान दाखवायला ती त्याच्यावर टेकलेली असतात. प्ले सर्व्हिसेस, फोन, मेसेज आणि होम स्क्रीन चालवणारं लाँचर यांना हात लावू नये. कीबोर्ड काढायचा तर दुसरा आधी बसवून, लिहून पाहून. नाहीतर नवा कीबोर्ड शोधायला नाव टाइप करावं लागतं, आणि ते कशाने करणार?

नागपूरच्या सीताबर्डीवर मोबाइलच्या गाळ्यात पोरं संगणकाला फोन जोडून याहून खोलवर साफ करून देतात. त्यात जादू नाही. 'अबाउट फोन' मध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या की फोन आपल्याला डेव्हलपर जाहीर करतो. नागपुरातल्या कुठल्याही कॉलेजात ही पदवी इतक्या स्वस्तात मिळत नाही. मग यूएसबी डीबगिंग (फोनला संगणकाचे आदेश ऐकायला लावणारं बटण) सुरू करायचं, केबल डेटाची घ्यायची (नुसती चार्जिंगची असेल तर अर्धा तास ड्रायव्हरला शिव्या घालण्यात जातो), आणि एडीबी या संगणकावरच्या आदेश देणाऱ्या साधनातून 'युजर शून्य' म्हणजे फोनच्या मुख्य वापरणाऱ्यासाठी ते पॅकेज, म्हणजे ते ॲप, काढायचं. ते फक्त त्या वापरणाऱ्यापुरतं निघतं, मूळ प्रत सिस्टिममध्ये असतेच, म्हणून एका आदेशाने परतही आणता येतं. पण चुकीचं पॅकेज उडालं तर फोन कंपनीच्या लोगोवर अडकून गोल गोल फिरतो आणि शेवटी रीसेट. तेव्हा चॅट आणि फोटोंचा बॅकअप आधी. काम झालं की डीबगिंग बंद करावं, काही बँकांची ॲप ते सुरू दिसलं की उघडतच नाहीत.

पैशाचं मात्र शांतपणे बघायला हवं. पहिला महिना फुकट म्हणून घेतलेलं ॲप दुसऱ्या महिन्यात काढलं तरी पैसे कापले जाऊ शकतात. वर्गणी ॲपमध्ये नसते, खात्यात असते. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर त्याच गोल फोटोखाली 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मध्ये रद्द करावी. यूपीआय ऑटोपे दिलं असेल तर यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधून तिथे रद्द. क्रम असा: वर्गणी रद्द, मग ॲपच्या सेटिंग्जमधून खातं डिलीट, मग अनइन्स्टॉल. लोक उलटं करतात, आणि वर्गणी रद्द करायला तेच ॲप पुन्हा घेतात, पासवर्ड विसरलेला असतो, ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. कर्ज देणाऱ्या ॲपचंही तसंच. ॲप काढल्याने हप्ता फिटत असता तर अख्खी इतवारी कर्जमुक्त झाली असती.

आणि 'क्लीनर' म्हणून मिरवणारी ॲप घेऊ नयेत. ती मागे चालणारी ॲप मारतात, ती पुन्हा उठतात, त्या उठबशीत बॅटरी जाते आणि मध्ये जाहिरात दिसते. फोन तापला तर सेटिंग्जमध्ये बॅटरी कुणी खाल्ली ते पाहावं. नागपूरच्या मे महिन्यात एवढ्यावरून कुणाला दोषी धरणं कठीण, हे मान्य.

एवढं सगळं काढूनही जागा भरलेलीच दिसेल, कारण खरा ढीग व्हॉट्सॲपमध्ये असतो. तिथे सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', 'मॅनेज स्टोरेज' उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या काढून ठेवलेल्या दिसतील. त्यांतून घरातल्या लग्नाचं तेवढं बाजूला ठेवून बाकी उडवा, मग मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. काकाजींच्या फोनात हेच करून दिलं तर त्यांनी गटावर लगेच कळवू नये, अशी विनंती करावी. 'कृपया गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पाठवू नका' या निरोपाला आमच्या भागात उत्तर म्हणून हात जोडलेला एक व्हिडिओ येतो, तोही बारा एमबीचा.