बेडकाला ३१ मार्च समजावून सांगा

पीएच.डी. झाली, अभिनंदन. आता वन्यजीव संवर्धनात पोस्टडॉक करायचंच म्हणताय, तर प्राणी जपून निवडा. वाघ निवडलात तर निम्मं काम त्याचा फोटोच करतो. पण तुमचा जीव जडलाय आंबोलीच्या टोडवर, म्हणजे एका बेडकावर! त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेच २००९ साली. पावसाच्या पहिल्या सरींत कातळावर चार बोटं पाणी साचतं, त्यातच त्याचं लग्न आणि बाळंतपण उरकतं. एवढ्या घाईतल्या प्राण्यासाठी पैसे मागायचे, तर प्रपोजलमध्ये ‘हवामानबदल’ अकरा वेळा आणि ‘एआय’ निदान चार वेळा घाला. बेडूक एकदा आला तरी चालेल.

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटा, मात्र उधारीवर. टोड बाहेर पडणार जूनच्या आसपास, पहिला हप्ता येणार दिवाळीच्या फराळाबरोबर आणि खर्चाचा हिशोब (‘यूसी’, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट) लागणार ३१ मार्चला. म्हणजे संशोधनाचा खरा हंगाम मार्चच. तेव्हा कातळ तव्यासारखा तापलेला असतो, बेडूक औषधालाही मिळत नाही. पण गमबुटांची तीन कोटेशनं हमखास मिळतात. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्याआधी करा. कोणत्या पावसाळ्याआधी, ते विचारू नका.

पगाराची काळजी नको. रिसर्च असोसिएटला, म्हणजे तुम्हालाच, जानेवारी २०२३ पासून महिना किमान ५८,००० रुपये ठरलेत, वर घरभाडं. ठरलेत हं. घरी ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच सांगत राहा. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला वयाची अट ३५ वर्षं (महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट), तेव्हा शक्यतो जरा उशिरा जन्माला या.

राहिले मार्गदर्शक. ज्यांना अजिबात वेळ नाही असेच सर धरा. ज्यांना वेळ आहे ते प्रपोजल वाचतात, आणि मग ते पुन्हा लिहावं लागतं. सरांचं नाव रिसर्च पेपरात शेवटी आणि फोटोत मधोमध हवं, एवढं सांभाळलंत की मेंटरशिप झाली.

फील्डवर असताना फोन मात्र बंद ठेवू नका. रात्रीचे साडेअकरा. तुम्ही भिजलेल्या कातळावर उकिडवे बसून, टॉर्च दातांत धरून डबक्यातली अंडी मोजताय. १३७ पर्यंत आलात. नेमकी तेव्हाच कुठून तरी रेंज येते आणि सरांचा मेसेज झळकतो: ‘यूसी पाठवलं का? अर्जंट.’ ‘हो सर’ लिहा, चष्म्यावरचं पाणी पुसा आणि पुन्हा एकपासून मोजायला लागा.