पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणजे सगळं संपलं? अजिबात नाही

सध्या एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तर पुढे मार्गच नाही. घटना जिथे घडली तिथल्याच ठाण्यात जावं लागतं. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली की गप्प बसायचं. सामान्य माणसाला कोर्टात थेट जाता येत नाही. पोलिसांनी फाइल बंद केली की ती कायमची बंद. असलं वाचून मार खाल्लेली, फसवली गेलेली माणसं घरी बसतात. म्हणून एकेक दावा तपासू.

‘गुन्हा घ्यायचा की नाही, ही पोलिसांची मर्जी.’ चूक. तक्रारीतून दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा, गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७३ मध्ये येतं. तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण तीही १४ दिवसांत. महिनोन्महिने ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवून घेतली नाही, तर आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार त्या अधिकाऱ्यालाच किमान सहा महिने सक्तमजुरी होऊ शकते.

‘आमच्या हद्दीत येत नाही.’ हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच.

‘एनसी झाली, आता काही होत नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत, पण न्यायदंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला तर करावाच लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली तसा अर्ज करता येतो. शिवाय एनसी बरोबर नोंदवली आहे का, हेही बघा. मारहाणीच्या रात्री ‘साधी दुखापत’ लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघतं. हाड मोडणं, दात पडणं ही गंभीर दुखापत. ती दखलपात्र आहे. तो एक्स-रे आणि डॉक्टरांचा दाखला जोडून त्याच ठाण्यात एफआयआरसाठी लेखी अर्ज द्या. आणि थांबू नका: प्रकरण नुसत्या साध्या दुखापतीचं असेल तर घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर कोर्ट सहसा दखल घेत नाही.

‘कोर्टात थेट जाता येत नाही.’ जाता येतं, फक्त पायऱ्या चुकवू नका. ठाण्यात तोंडी सांगून परत येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज टपालाने पाठवा आणि पावती जपा. मग पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांना, लेखी कळवा. तिथल्या बारनिशीचा, म्हणजे आवक टेबलाचा, शिक्का किंवा टपालाची पावती पुढे लागतेच, कारण या दोन्ही पायऱ्या झाल्याचं कागदावर दिसलं नाही तर अर्ज तिथेच अडकतो.

त्यानंतर दोन रस्ते. पहिला सुरक्षा संहितेचं कलम १७५(३), म्हणजे जुन्या प्रक्रिया संहितेचं १५६(३): प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून तपासाचा आदेश मागायचा. दुसरा, कलम २२३ खाली खासगी फिर्याद, म्हणजे पुरावा आणि साक्षीदार तुम्हीच उभे करायचे. माझं मत स्पष्ट आहे. सीसीटीव्ही फुटेज, कॉलचा तपशील, चोरलेला माल असं काही पोलिसांशिवाय हाती येणार नसेल तर पहिला रस्ता धरा. कागदपत्रं आणि साक्षीदार तुमच्याकडेच असतील तर दुसरा. एक बदल मात्र लक्षात घ्या: नव्या कायद्यात खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते. उठसूट हायकोर्टात धाव घेण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा, असं सर्वोच्च न्यायालयानेच २००७ मध्ये साकिरी वासू खटल्यात सांगितलं आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

‘पोलिसांनी फाइल बंद केली.’ पोलीस फाइल बंद करत नाहीत, कोर्टाकडे तशी परवानगी मागतात. महाराष्ट्रात याला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण छडा लागला नाही, तर ‘अ’. तक्रार खोटी ठरवली, तर ‘ब’. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची, तर ‘क’. ती मंजूर करण्याआधी मूळ फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकून घेतलं पाहिजे, हे भगवंत सिंग खटल्यात १९८५ मध्येच ठरलं. न्यायदंडाधिकारी समरी फेटाळू शकतात, पुढील तपास करायला लावू शकतात किंवा स्वतः गुन्ह्याची दखल घेऊ शकतात. म्हणून नोटीस आली की तारखेला हजर राहा. हरकत अर्जात नुसतं ‘मान्य नाही’ लिहून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कुठलं फुटेज ताब्यात घेतलं नाही, कोणती कागदपत्रं तुम्ही दिली आणि अहवालात त्यांचा उल्लेखच नाही, हे नावानिशी आणि तारखेनिशी लिहा.