गच्ची द्या, भाडं घ्या, गप्प बसा

मालक, गच्ची रिकामी का ठेवता? उन्हाळ्यात चार कुरडया आणि पावसाळ्यात गळती, याशिवाय तिनं आजवर तुम्हाला दिलं काय? मोबाइलचा टॉवर घ्या. त्याला नळाचं पाणी लागत नाही (आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा मुद्दा लहान नाही), तो पाहुणे बोलावत नाही, आणि भाडं मागायला जिना चढावा लागत नाही. फक्त काम रीतसर झालं पाहिजे. रीत अशी.

आधी फोन. ‘तुमच्या गच्चीची निवड झाली आहे, वीस लाख डिपॉझिट, महिना पंचवीस हजार भाडं, नोंदणीपुरते चार-साडेचार हजार भरा’ असं कुणी गोड आवाजात म्हणालं तर तातडीनं भरा. अशोकस्तंभ छापलेलं ट्रायचं (म्हणजे दूरसंचार नियामकाचं) ‘एनओसी’ दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर येईल. ट्राय टॉवरसाठी असलं एनओसी कधीच देत नाही आणि टॉवर कंपनी मालकाला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही, असल्या बारीकसारीक गोष्टींत डोकं घालू नका. नंतर सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन करायला काहीतरी कारण हवंच की.

खरी कंपनी आली तर करार पाचशेच्या बाँडवर नोटरीसमोर उरकून घ्या. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, असं वकील सांगतील. त्यांना फी हवी असते. टॉवर काढून नेल्यावर गच्चीला पडलेली भोकं कोण बुजवणार, हेही करारात लिहू नका. वाईट दिसतं.

घरपट्टीचं विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली सांगितलं की मालमत्ता करापुरता टॉवर म्हणजे ‘इमारत’. 2024 साली त्याच न्यायालयानं सांगितलं की उत्पादन शुल्काच्या क्रेडिटपुरता टॉवर म्हणजे हलवता येणारी वस्तू. मधल्या काळात, 2023 च्या दूरसंचार कायद्यानं दूरसंचाराचं जाळं, टॉवरसकट, ज्या मालमत्तेवर बसलंय तिचा भागच नाही म्हणून टाकलं. लोखंड तेच, नटबोल्ट तेच. तुम्ही नोटीस येईपर्यंत वाट बघा.

शेजारी विरोध करतील. करू द्या, कारण ते फक्त टॉवरच्या लहरींवर, म्हणजे रेडिएशनवर बोलतील. मोर्चा निघेल, फलकावर कवटी काढतील, कुणाच्या तरी आजीच्या डोकेदुखीचा दाखला निघेल. तुम्ही शांतपणे सांगा की 1 सप्टेंबर 2012 पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरला 0.45 वॉट. हे खरंच आहे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर चार हजार भरले की मोजणी करून मिळते, हेही खरं. ॲंटेना दिव्यासारखा समोर झोत टाकतो, पायाशी फार थोडं पडतं. त्यामुळं टॉवरखालच्या बिऱ्हाडापेक्षा गल्लीपलीकडच्या, तेवढ्याच उंचीच्या घरानं जास्त विचार करायचा असतो. दूरसंचार विभागाच्या 2013 च्या सूचनेत समोरच्या घरापासूनचं किमान अंतर दिलंय: त्या दिशेला एक ॲंटेना असेल तर 20 मीटर, दोन असतील तर 35, चार असतील तर 45. आपल्या गुंठेवारीतली गल्ली वीस फुटांची. फूट आणि मीटर यांतला फरक कुणाला सांगत बसू नका.

जनरेटर गच्चीवरच ठेवा, शक्यतो शेजाऱ्याच्या खिडकीकडं तोंड करून. नियमाप्रमाणे जनरेटरच्या आवाज दाबणाऱ्या पेटीपासून एक मीटरवर 75 डेसिबलच्या वर आवाज जायला नको, आणि निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 ची मर्यादा. पेटी बंद असते तोवर यंत्र बहुधा शब्द पाळतंही. पण मे महिन्यात 43 अंशांत पेटीतलं यंत्र तापतं, तापमानाचा सेन्सर ते बंद पाडतो, साइट डाउन झाली, म्हणजे टॉवर बंद पडला की डिझेल भरणाऱ्या पोराला बोलणी बसतात. मग तो पोरगा पेटीची दारं सताड उघडी ठेवून त्यात विटेचा तुकडा अडकवतो. झाली ट्रॅक्टरची चक्की सुरू. बॅटऱ्या मेलेल्या असल्या की लाईट गेल्यागेल्या जनरेटर पेटतो, आणि लाईट आपल्याकडं किती वेळा जाते ते काय सांगायचं! डिझेलचे कॅन जिन्यात ठेवा, तिथं सावली असते.

अर्थिंगची तांब्याची पट्टी चोरीला गेली तर परत बसवू नका, परत जाईल.

आता मुख्य काम. स्ट्रक्चरल सर्टिफिकेट.

याची किंमत ओळखा. 2022 च्या दुरुस्तीनं केंद्रानं खासगी इमारतीवरच्या टॉवरसाठी परवानगीची अट काढली आणि तिच्या जागी लेखी सूचना व स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणलं. म्हणजे इमारत हे ओझं पेलेल की नाही, याचा सगळा भरवसा त्या एका कागदावर. नगररचनेतला बाबू यूडीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) पुढं करतो, कंपनीचा माणूस केंद्राचे नियम पुढं करतो, आणि दोघंही शेवटी त्याच कागदाकडं बोट दाखवतात. तेव्हा इंजिनिअर असा निवडा जो गच्चीवर चढत नाही. गुडघे दुखत असतील तर उत्तम. त्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. नकाशा नाही म्हणू नका, गुंठेवारीत कुणाकडं असतो? कॉलम किती इंची आहे हे त्यानं विचारलंच तर ‘नऊ बाय बारा’ सांगा. प्लास्टर खरवडून बघायला तो येणार नाही, आणि आत नऊ बाय नऊ निघालं तरी ते कागदावर दिसत नाही.

बाकीचा तपशील त्याला माहीत असतोच, पण विचारणार कोण? राबत्या गच्चीच्या स्लॅबसाठी भारतीय मानक चौरस मीटरला दीडशे किलो धरतं. जुनी 600 अँपिअर-अवरची बॅटरी बँक म्हणजे दोन व्होल्टचे चोवीस सेल, एकेक सेल तीस-पस्तीस किलोच्या पुढं. रॅकवर दीड-दोन चौरस मीटरात पाऊण टनाच्या वर माल झाला. तो बीमवर बसवायचा असतो. आपण भिंतीला टेकवून ठेवतो, कारण तिथून वायर जवळ पडते. टॉवरचे पाय कॉलमच्या बरोबर डोक्यावर यायला पाहिजेत, खाली लोखंडी गर्डर टाकून ओझं कॉलमात उतरवायचं असतं. कॉलम टॉवरच्या मापानं उभे नसतात, म्हणून एक पाय कॉलमवर आणि दोन अधांतरी, स्लॅबवर. तिथं केमिकल टाकून बोल्ट ठोकतात, वॉटरप्रूफिंग फुटतं, पुढच्या मृगात पाणी सळईपर्यंत जातं, सळई फुगते, छताचे पापुद्रे पडतात. मालक पुट्टी मारून घेतो.

आणि वारा! छत्रपती संभाजीनगरसाठी मानकात सेकंदाला 39 मीटरचा वारा धरलाय. सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास दाब. वळवाच्या वादळात वाऱ्याकडचा पाय वर उपटला जातो, पलीकडचा खाली दाबला जातो. नुसतं वजन मोजून भागत नाही, उपटण्याचा हिशेब करावा लागतो. तो हिशेब पहिल्या कंपनीच्या तीन ॲंटेनांसाठी झालेला असतो, झालाच असेल तर. मग दुसरी कंपनी येते, तिसरी येते, फाइव्ह-जीचे जाड डबे लागतात, ढोलासारख्या दोन डिश लागतात. दर वेळी वाऱ्याला अडवणारा पत्रा वाढतो. प्रमाणपत्र तेच, झेरॉक्सची झेरॉक्स. खाली पाया काळ्या मातीत, मुरूम लागेपर्यंत खोदलेला नाही. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, दरवर्षी घर जरासं हलवते.

नुकतंच माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, असंच एक प्रमाणपत्र हाती आलं. इमारत ‘तळमजला अधिक दोन’. समोर उभी आहे ती तळमजला अधिक तीन, वर पत्र्याची खोली. ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं खाली लिहिलंय, शिक्का आहे, सही आहे. तिसऱ्या मजल्यावर एक बिऱ्हाड राहतं, दोन लेकरं आहेत, दोरीवर शाळेचे गणवेश वाळत असतात. कागदावर तो मजला नाही. ज्यानं सही केली त्यानं रस्त्यावर उभं राहून मजले मोजायची तसदी घेतली नाही, आणि ज्यानं ते फायलीला लावलं त्यानंही नाही.

थट्टा पुरे. इंजिनिअर साहेब, ही सही विकायला दिलेली नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट याच मराठवाड्यातली. किल्लारीत माणसं दगडाच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. डोक्यावर वजन जितकं जास्त, भूकंपात घराला तितका मोठा हिसका, हे तुम्ही कॉलेजात शिकलात. काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर कॉलमवर मारून बघायला अर्धा दिवस लागतो. सळई किती आणि कुठं आहे ते शोधायचं यंत्र भाड्यानं मिळतं. शंका आली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना कापून काढा, नाही पेलणार तर नाही म्हणून लिहा.

आणि मालक, खाली राहणाऱ्यांचं भाडं तुम्ही घेता, वरच्या टॉवरचंही घेता. स्लॅबखाली टॉर्च मारून तडा बघायला तुम्हाला कुणाची परवानगी लागते? मोर्चावाल्यांनो, तुम्हीही कवटीचे फलक ठेवा बाजूला. प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरचे मजले मोजा, टॉवरचा कोणता पाय कोणत्या कॉलमवर आहे ते विचारा, आणि नवी ॲंटेना वर चढली की नवा हिशेब मागा. रेंज सगळ्यांनाच पाहिजे, शेतात ई-पीक पाहणीचा फोटो अपलोड करायला माणसं बांधावर हात उंच करून उभी राहतात. टॉवर नको असं कुणीच म्हणत नाही. तिसऱ्या मजल्यावरचं ते बिऱ्हाड आधी कागदावर घ्या.