पिवळं हेलिकॉप्टर पेशंटला उचलायला येत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. जर्मनीतलं पिवळं हेलिकॉप्टर आणि खाली मजकूर: "दोन इंजिनं, त्यामुळे कधीच पडत नाही. फोन करा, पेशंटला उचलून थेट दवाखान्यात. रात्र असो, पाऊस असो. पण परवडतं श्रीमंतांनाच. आपल्या एक्स्प्रेसवेवर अशी दोन ठेवा, अपघातात माणसं मरायची थांबतील." मी म्युनिकजवळ राहतो आणि हे हेलिकॉप्टर आठवड्यातून दोनदा तरी डोक्यावरून जातं. या मजकुरातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

आधी "उचलून थेट दवाखान्यात". गेल्या उन्हाळ्यात समोरच्या इमारतीतल्या आजोबांना हृदयविकाराचा झटका आला. हेलिकॉप्टर फुटबॉलच्या मैदानावर उतरलं, गवत आडवं झालं, पाठीवर लाल बॅग घेतलेल्या डॉक्टरबाई धावतच जिन्याकडे गेल्या. मागोमाग पॅरामेडिक. रस्त्याने आलेली रुग्णवाहिका खाली उभीच होती. वीसेक मिनिटांनी आजोबांना त्या रुग्णवाहिकेतूनच नेलं, बाईही त्यांच्यासोबत बसल्या. हेलिकॉप्टर त्यांना परत आणायला दवाखान्याकडे रिकामंच गेलं. इथे हे रोजचंच. या यंत्राचं पहिलं काम डॉक्टरला पेशंटपर्यंत पोचवणं. गरज असेल तर स्ट्रेचर मागच्या दोन दारांतून आत सरकतं. पण आत जागा इतकी बेताची की उडताना छाती दाबत राहणं फार अवघड, म्हणून पेशंटला शक्यतो जमिनीवरच स्थिर करतात.

"कधीच पडत नाही" हे तर घातक आहे. व्हिडिओतलं मॉडेल एच१३५, जुनं नाव ईसी१३५. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ग्लासगोमध्ये याच जातीचं पोलिसांचं हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळलं आणि दहा माणसं गेली. मुख्य टाकीत सत्तर किलोंहून जास्त इंधन होतं. पण ते इंजिनांच्या टाक्यांकडे ढकलणारे पंप बंद होते, म्हणून दोन्ही इंजिनं पाठोपाठ थांबली. इंजिनं दोन असली तरी इंधनाची चूक एकच पुरते.

मग दुसरं इंजिन कशाला? दवाखान्याच्या गच्चीवरचं उड्डाण नीट पाहा. हेलिकॉप्टर पुढे न जाता किंचित मागे सरकत वर चढतं. ग्रुपवर कुणीतरी याला "पायलटची स्टाइल" म्हटलंय. ती स्टाइल नाही. हेलिपॅड नजरेसमोर राहावा म्हणून तसं करतात. ठरावीक उंचीच्या आत एक इंजिन गेलं तर पुन्हा तिथेच उतरायचं, त्या उंचीनंतर गेलं तर उरलेल्या इंजिनावर पुढे निघायचं. ते इंजिन काही क्षण नेहमीपेक्षा जास्त ताकद देऊ शकतं. दाट वस्तीवर हाच आधार असतो.

"रात्र असो, पाऊस असो": या हेलिकॉप्टरांचे बहुतेक तळ सकाळी सुरू होतात आणि सूर्यास्ताला बंद. चोवीस तासांचे थोडेच. आणि दाट धुकं पडलं की पायलट सरळ नाही म्हणतो, त्याच्या नकाराला कुणी हरकत घेत नाही.

"श्रीमंतांनाच" हे धादांत खोटं. ११२ ला फोन करायचा, काय पाठवायचं ते नियंत्रण कक्ष ठरवतो. वैद्यकीय गरज असेल तर खर्च आरोग्य विमा देतो, आणि विमा इथे सक्तीचा आहे. बरीच हेलिकॉप्टरं एडीएसी या मोटार क्लबची संस्था चालवते, पण क्लबचं सदस्यत्व कुणी विचारत नाही.

राहिली एक्स्प्रेसवेवरची दोन हेलिकॉप्टरं. म्युनिकमध्ये 'क्रिस्टोफ १' हा तळ १ नोव्हेंबर १९७० ला सुरू झाला, तेव्हा तिथलं बीओ १०५ हे हेलिकॉप्टरही हलकं, दोन इंजिनांचंच होतं. पण नुसतं हेलिकॉप्टर नव्हतं: त्याच्या मागे फोन घेऊन नेमकं ठिकाण विचारणारा माणूस होता, निघायला तयार डॉक्टर होता, पेशंटला घ्यायला सज्ज दवाखाना होता. आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका डॉक्टरसह येते. हेलिकॉप्टर मागायचंच तर त्या १०८ च्या नियंत्रण कक्षाला जोडलेलं मागा. आणि घाटात ते उतरणार कुठे, उतरेपर्यंत वाहतूक कोण थांबवणार, हे त्याच अर्जात लिहा.