टेकडीवर खड्डे खणण्याआधी

फेब्रुवारीत आमच्या पुण्याच्या टेकडीवरचं गवत पेटलं. दुसऱ्याच दिवशी दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, काळ्या पडलेल्या उताराचा फोटो पाठवला. टेकडी बोडकी आहे म्हणून जळते, असं त्याचं म्हणणं. पावसाळ्यात मोकळी दिसेल तिथे पाच-पाच फुटांवर रोपं लावायची आणि परदेशातल्यांनी त्यासाठी वर्गणी द्यायची. मी हरकत घेतली, तर उत्तर आलं, 'तू तिकडची जंगलं सांभाळ.'

मग तिकडचंच सांगते. मी अमेरिकेत, माँटाना राज्यातल्या मिझूलाला राहते. सीली लेक गावाजवळच्या जिरार्ड ग्रोव्ह या लार्च वृक्षांच्या जुन्या राईत ऑक्टोबरअखेरीस आम्ही जातो, शिकारीचा हंगाम असतो म्हणून शिकाऱ्यांना दिसेल असं नारिंगी जॅकेट चढवून. तेव्हा लार्च पिवळेधमक झालेले असतात. हा सूचिपर्णी असूनही पानं गाळणारा वृक्ष. तिथला सर्वांत मोठा सुमारे हजार वर्षांचा आहे, बुंध्याचा व्यास सात फुटांहून जास्त. जुन्या लार्चच्या बुंध्याशी साल चार-सहा इंच जाड असते. पापुद्रा सुटला की आतून गुळाच्या रंगाची निघते. काहींच्या बुंध्याला, चढाच्या बाजूला, काळी त्रिकोणी खोबण असते. ती जुन्या आगीची खूण. झाड त्यानंतरही शतकानुशतकं वाढत राहिलेलं.

या राईत पूर्वी दर दोन-तीन दशकांनी आग जमिनीलगत सरकत जायची. फर, डग्लस फर या सूचिपर्णींची लहान झाडं जळायची. जाड सालीचा, खालच्या फांद्या टाकून दिलेला लार्च उभा राहायचा. शेंडा होरपळला तरी त्याला नवी पानं फुटतात. त्याच्या रोपाला मात्र सावली अजिबात सोसत नाही. पाचोळा जळून उघडी पडलेली माती आणि वर आभाळ मिळालं, तरच ते तगतं. म्हणून हे जंगल ओळीत उभं नाही. कुठे चार-पाच झाडांचा जुडगा, कुठे एकटंच झाड, आणि मधे मोकळ्या जागा. पुढची पिढी त्या मोकळ्या जागांतूनच येते. सॅलिश आणि कूटेनाय या तिथल्या मूळ रहिवासी लोकांना हे माहीत होतं. ते ठरवून आग लावत.

1910च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-माँटानात दोन दिवसांत जवळपास तीस लाख एकर जळालं, आणि सरकारनं आगीशी वैर धरलं. 1935 साली तर नियमच केला, की आग कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे. मोकळ्या जागा फरनं भरल्या. दादाला हवी तशी दाटी झाली, आणि त्या दाटीची शिडी करून आग शेंड्यापर्यंत चढायला लागली. 2017 साली सीली लेकजवळच्या राइस रिजच्या आगीत दीड लाखाहून अधिक एकर गेलं. सीली लेकच्या लोकांना ज्वाळांइतकंच धुरानं छळलं, आठवडेच्या आठवडे.

आणखी एक गोष्ट दादानं नीट वाचावी. 1961 साली वायव्य माँटानात संशोधकांनी कोवळ्या लार्चची विरळणी केली, म्हणजे मधली झाडं काढली, कुठे कमी, कुठे जास्त. अर्धशतकानंतर मोजलं, तर विरळ भागांत झाडं थोडी पण दांडगी होती, आणि जमिनीच्या वरच्या भागात साठलेला एकूण कार्बन दाट भागाइतकाच होता. आपल्याकडे महाराष्ट्रात 2019 सालासाठी 33 कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठरलं. या आकड्यात झाड कुठे लावलं आणि तिथे आधी काय होतं, याला जागाच नाही.

सह्याद्रीत आग लावा, असं मी म्हणत नाही. आपले वणवे बहुतेक माणसानं लावलेले असतात, आणि देवराई किंवा घाटमाथ्याचं सदाहरित जंगल त्यासाठी घडलेलं नाही. ते जळता कामा नये. पण टेकडी बोडकी नाही हो! तिथे कुसळी आणि पवन्या ही गवतं आहेत, जमिनीवर घरटं करणारा चंडोल आहे, पावसाळ्यात कंदीलपुष्प आहे. सालई, मोई, गणेर तिथे लांबलांबच उभे असतात, कारण माती वीतभर आणि खाली कातळ. अशाच उतारांवर पूर्वी गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड, लावलं, त्याखाली काय उगवतं ते दादानं स्वतः जाऊन बघावं.

'तिकडची' हे मला लागलं, खरं सांगते. इथे लोक माझ्याकडे पाहुणी म्हणून बघतात आणि तिथे मला मत मांडायला परवानगी लागते. लार्च कुठल्या आठवड्यात पिवळा होईल हे मी आता सांगू शकते. पण टेकडीवर पहिल्या पावसानंतर येणारा वास इथे कुठेच नाही, आणि तो मी दर जूनमध्ये शोधते. ती टेकडी माझीही आहे. आबांचं बोट धरून मी ती चढायला शिकले.

म्हणून वर्गणी देते, रोपांसाठी नाही. डिसेंबर संपायच्या आत, वनखात्याला विचारून, पायवाटांच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढा. फेब्रुवारी ते मे संध्याकाळी फेरी मारायला दोन माणसं ठेवा, त्यांचा पगार मी देईन. गिरिपुष्पाची नवी रोपटी उपटायला सोसायटीतली मुलं न्या. आणि गवतात एकही खड्डा खणण्याआधी गवताचा अभ्यास असलेल्या वनस्पतितज्ज्ञाला पावसाळाभर टेकडीवर फिरवा. त्यांची फीही मीच देते.