रिक्षावाला ही शिवी कधीपासून झाली?

सोसायटीच्या मीटिंगमधून अर्ध्यातून उठून आलोय. डोकं गरम आहे, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

विषय होता गेटसमोरचा रिक्षा स्टँड. त्रास होतो, सकाळी शाळेची बस वळत नाही, मान्य. पण एक काका म्हणाले, "जास्त बोलू नका रे त्यांना, ठाण्यातला रिक्षावाला कधी मुख्यमंत्री होईल नेम नाही." आणि सगळे खो खो हसले. यातल्या निम्म्यांचे वडील गिरणीत नाहीतर गोदीत होते, हे मला माहितीये.

एकनाथ शिंदेंना मी मत दिलेलं नाही, आताच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. २०२२ ला त्यांनी जे केलं त्यावरून भांडा की, रात्रभर भांडू, चहा माझ्याकडून. पण किसननगरमध्ये शाखाप्रमुख, ९७ ला नगरसेवक, २००४ ला आमदार, ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री, आणि या एवढ्या सगळ्यात नाव ठेवायला तुम्हाला सापडली काय तर रिक्षा?

माझे अण्णा वागळे इस्टेटला पॉवर प्रेसवर होते, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर. एका सेकंड शिफ्टला उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं, कारण पीस जास्त निघावेत म्हणून मशीनचा गार्ड काढून ठेवलेला. कंपनीचं नाव घेत नाही, आता तिथे काचेची बिल्डिंग आहे आणि खाली कॉफी मिळते. मी तेव्हा बालवाडीत. मला पाटीवर अ गिरवायला अण्णांनीच शिकवलं, अंगठा आणि मधल्या बोटात पेन्सिल धरून. मी अजून पेन तसंच धरतो.

म्हणूनच बहुतेक ब्राझीलच्या लुलाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा माझी नजर चेहऱ्याआधी त्याच्या डाव्या हातावर गेली. करंगळी नाही. लहानपणी आईबरोबर ट्रकमधून १३ दिवस प्रवास करून साओ पावलोकडे आलेलं पोर, बूटपॉलिश केलं, लेथवर लागला, कारखान्यात करंगळी गेली, मग युनियन, मग स्वतःचा पक्ष, ८९ ला पडला, ९४ ला पडला, ९८ ला पडला, लोक म्हणायचे अडाणी आहे, देश काय चालवणार, आणि २००२ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. निवडून आल्याचं सर्टिफिकेट हातात घेताना भर कार्यक्रमात रडला तो. होय बाबांनो, नंतर भ्रष्टाचाराच्या केसमध्ये ५८० दिवस जेलमध्ये होता, पुढे त्या शिक्षा रद्द झाल्या, २०२२ ला परत निवडून आला. आणि खुर्चीत बसलेला प्रत्येक कामगार कामगारांचाच राहतो असंही नाही, ते आपण इथेच बघतोय.

पण ते त्याच्या कामावरून बोला ना. हातावरून कशाला?

आता जरा शांत झालोय तर खरं सांगतो. काकांवर एवढं चिडायचा मला काय अधिकार? दहावीच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. सगळ्या पोरांनी 'सर्व्हिस' लिहिलं, मीपण लिहिलं, प्रेस ऑपरेटर लिहायची लाज वाटली. अण्णांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "बरोबरे, नोकरीच करतो ना मी." आणि खाली सही केली, त्याच अंगठ्याने आणि मधल्या बोटाने.

ते गेल्याला सहा वर्षं झाली. फॉर्मचं कधी बोललोच नाही आम्ही.

हे लिहीत होतो तेवढ्यात वॉचमन रजिस्टर घेऊन वर आला, हजेरीची सही राहिली म्हणून. मी सवयीने केली सही. मग वरचा ठराव वाचला: गेटसमोरचा रिक्षा स्टँड हटवण्यासाठी पालिकेला पत्र देणे, सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून माझं नाव.

सेक्रेटरी, हे वाचत असाल तर लाइट बंद करू नका, खाली येतोय मी.